पाळण्याची दोरी : नंदुरबार जिल्ह्यातील अंगाईची परंपरा

तान्ह्या मुलाला झोपवण्यासाठी म्हटले जाणारे गाणे म्हणजे अंगाई. मराठीत तिला अंगाई किंवा पाळणा म्हणतात, गुजरातीत हालरडुं, हिंदीत लोरी. नंदुरबार जिल्हा या तिन्ही भाषांच्या सीमेवर आहे आणि त्याच्या आत अहिराणी, मावची, पावरी, देहवाली, कोकणी, गुजरी अशा घरोघरच्या बोली नांदतात. तापीकाठच्या गावातून निघून तोरणमाळच्या पठारापर्यंत गेले, तर एका दिवसाच्या प्रवासात बाळाला निजवण्याचे शब्द तीन-चार वेळा बदलतात. काम मात्र सगळीकडे तेच असते : हात हलत राहतो, आवाज हळूहळू उतरत जातो आणि मूल झोपते.

ही परंपरा घराची आहे. होळीच्या किंवा लग्नाच्या गाण्याला ऐकणारे गाव असते. अंगाईला श्रोता एकच, आणि तोही ऐकता ऐकता झोपी जातो. तिला कवी नसतो, तिच्यावर कुणाची मालकी नसते. घरातल्या बाईला हे ‘गाणे’ आहे असेही अनेकदा वाटत नाही; ते मुलाला निजवण्याचे काम असते. त्यामुळे लोकगीतांच्या संग्रहांत सणांची, लग्नाची आणि जात्यावरची गाणी भरभरून मिळतात, अंगाईला मात्र थोडी पाने मिळतात.

जिल्हा आणि त्याच्या बोली

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पश्चिम खानदेशचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे सहा तालुके. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तीत सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात हे प्रमाण एवढे नाही.

बोलींची वाटणी ढोबळमानाने भूगोलाप्रमाणे आहे. तापीच्या सपाटीवर अहिराणी बोलली जाते. शहादा-तळोद्याच्या सुपीक पट्ट्यातील गुजर समाजाच्या घरांत गुजरी आहे. नवापूरकडे मावची आणि कोकणी, अक्कलकुव्याच्या बाजूला देहवाली आणि तिच्या जवळच्या भिल्ल बोली, धडगाव आणि शहाद्याच्या डोंगराळ भागात पावरी. नंदुरबार शहरात गुजराती बोलणारी जुनी व्यापारी घरे आहेत. १९४२च्या आंदोलनात हुतात्मा झालेला बालक्रांतिकारक शिरीषकुमार मेहता अशाच एका घरातला. मराठी ही शाळेची, कचेरीची आणि बाजाराची भाषा. बहुसंख्य मुलांना ती पाळण्यात ऐकू येत नाही, पुढे शाळेत भेटते.

अंगाईचा आढावा घेताना हा मुद्दा कळीचा ठरतो. मूल भाषा शिकते त्याच्या कितीतरी आधी तिचा सूर शिकते, आणि तो सूर त्याला घरच्या बोलीतून मिळतो. अहिराणीत मराठीतील ‘ळ’च्या जागी बहुधा ‘य’ येतो : डोळा तो ‘डोया’, बाळंतीण ती ‘बायतीन’, पाळणा तो ‘पायना’. मुलगा ‘आंडोर’, मुलगी ‘आंडेर’ आणि झोप म्हणजे ‘जप’. ‘य’चा हा मऊपणा आणि लांबवता येणारे स्वर निजवण्याच्या गाण्याला फार सोयीचे आहेत. डोंगरातल्या देहवाली आणि मावचीसारख्या बोलींत ‘याहा’ म्हणजे आई. सातपुड्यातील आदिवासींची कुलदेवता याहा मोगी हिच्या नावातही तोच शब्द आहे. देवीला ज्या शब्दाने हाक मारायची, त्याच शब्दाने मूल घरातल्या आईला हाक मारते.

झोळी, पाळणा आणि दोरी

अंगाईचा ताल पाळण्याच्या झोक्यातून येतो, म्हणून साधनाची ओळख आधी करून घ्यावी लागते. सपाटीवरच्या ऐपतदार घरांत लाकडी पाळणा असे. त्याला रंगीत खेळणी, लाकडी पोपट, चिमण्या टांगलेल्या असत आणि असा पाळणा एका घरात दोन-तीन पिढ्या चाले. बहुतेक घरांत मात्र झोळीच असते. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्याची किंवा साडीची दोन्ही टोके दोरीला बांधतात आणि ती दोरी घराच्या आढ्याला, वाशाला किंवा बाजेच्या चौकटीला अडकवतात. कापडाच्या दोन कडा बाळाच्या तोंडावर मिटू नयेत म्हणून मध्ये एक आडवी काठी घालतात. तळाला गोधडीची घडी असते. शेतावर हीच झोळी बांधावरच्या झाडाला लागते. नंदुरबारच्या बाजारपेठेला मिरची पुरवणाऱ्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली असते, आणि मजूर बायका तिथे काम करत असताना जवळच्या सावलीत अशा झोळ्या दिसतात.

झोळीला एक लांब दोरी असते. ती हातात धरतात आणि हात कामात असतील तर पायाच्या अंगठ्याला बांधतात. बाई ज्वारी निवडत, भाजी चिरत किंवा गोधडीला टाके घालत बसलेली असते. पाय पुढेमागे होतो आणि त्या हालचालीवर गाणे चालते. झोका पुढे जाताना ओळ उचलली जाते, मागे येताना ती टेकते. बाळ कुरकुरत असेल तेव्हा झोका जोरात असतो, म्हणून शब्दही भरभर येतात. डोळे जड होऊ लागले की झोका मंद होतो, ओळीतले शब्द गळतात, नुसता हुंकार उरतो. शेवटी दोरी थांबते आणि गाणे ज्या ओळीवर असेल तिथेच संपते. अंगाईला ठरलेला शेवट नसतो. बाळ झोपले की ती पूर्ण झाली.

गाण्यांचे चार प्रकार

मुलाला निजवताना जे काही म्हटले जाते, त्याचे साधारण चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार नुसत्या ध्वनीचा. ‘जो जो’, ‘हं हं’, ‘आ आ’ असे निरर्थक पण लांबवता येणारे उच्चार आणि त्यात मधूनमधून बाळाचे लाडके नाव. बोली कोणतीही असो, हा प्रकार सर्वत्र सापडतो. तो सर्वांत जुना असावा असे मानायला जागा आहे, कारण त्याला भाषेचीही गरज लागत नाही.

दुसरा प्रकार ओवीचा. जात्यावर म्हटली जाणारी दोन ओळींची ओवी जशीच्या तशी पाळण्यावर येते. जात्याचा फेरा आणि पाळण्याचा झोका यांची गती सारखी असल्यामुळे एका कामाची ओवी दुसऱ्या कामाला सहज चालते. अशा ओव्यांत तान्हुल्याचे कौतुक, मामाच्या घराची वाट, माहेरची आठवण, दृष्ट लागू नये म्हणून काळजी असे विषय असतात. बाळाचे नाव, मामाचे गाव, नदीचे नाव बदलले की तीच ओवी दुसऱ्या घरची होते.

तिसरा प्रकार विधीच्या पाळण्याचा. पाचवी, सटी आणि बारसे हे जन्मानंतरचे टप्पे. बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालताना बायका जमून पाळणा म्हणतात. पहिल्या दिवशी काय झाले, दुसऱ्या दिवशी काय झाले, असे एकेक कडवे दिवसागणिक पुढे नेण्याची त्याची जुनी रीत आहे. हाच साचा रामनवमीला रामाच्या, गोकुळाष्टमीला कृष्णाच्या आणि शिवजयंतीला शिवरायांच्या पाळण्यासाठी वापरला जातो. हा पाळणा सामूहिक असतो, मोठ्या आवाजात म्हटला जातो आणि बाळ जागे असतानाच गायला जातो. त्याचे काम झोपवण्याचे नसून नव्या माणसाचे घरात स्वागत करण्याचे असते. छापील पुस्तिकांमुळे हा प्रकार सर्वांत चांगला टिकला आहे. सीमेपलीकडच्या गुजरातीतही शिवरायांचे हालरडुं आहे. झवेरचंद मेघाणी यांनी लिहिलेले ते गीत जिजाऊंच्या तोंडी असून गुजरातेत अतिशय लोकप्रिय आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच बाळराजाचा पाळणा हलतो.

चौथा प्रकार खेळगाण्यांचा. मांडीवर बसवून, पायांवर झुलवून, बोटे मोजत म्हटलेली ही गाणी मुलाला हसवण्यासाठी असतात, पण खेळून थकलेले मूल त्यातूनच झोपेकडे जाते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात आणि झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसून गाणी म्हणतात. मोठ्यांच्या झोक्याचे गाणे आणि लहानग्यांच्या झोळीचे गाणे यांत चालींची देवघेव होते, कारण म्हणणाऱ्या बायका त्याच असतात.

गाणी काय सांगतात

अंगाईचा अर्थ बाळासाठी नसतो, तो म्हणणारीसाठी असतो. बाळाला शब्द कळत नाहीत हे तिला ठाऊक असते, म्हणून जे इतरत्र बोलता येत नाही ते ती इथे बोलते. जगभरच्या अंगाईगीतांत हे दिसते. स्पॅनिश कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी १९२८ साली अंगाईगीतांवर व्याख्यान दिले होते. स्पेनमधल्या आया मुलांना झोपवण्यासाठी इतकी दुःखी गाणी का निवडतात, हा त्यांचा प्रश्न होता. मराठी ओवीतही कौतुकाच्या ओळीला लागून सासरच्या कष्टाची, दूर गेलेल्या नवऱ्याची, न आलेल्या भावाची ओळ येते. झोळीशेजारी बसलेल्या बाईला दिवसभरात मिळणारा हाच एक निवांत वेळ असतो, आणि ऐकणारा कुणाला काही सांगणार नसतो.

आशयाचे स्थूल गट असे पडतात : आशीर्वाद (मोठा हो, औक्षवंत हो), आश्वासन (बाप शेतातून येईल, मामा खाऊ आणील), धाक (बागुलबुवा येईल, कोल्हा येईल) आणि गाऱ्हाणे. यांत आजूबाजूचा निसर्ग आपोआप येतो. सपाटीवर चांदोबा, गाय-वासरू, कडुनिंब, पाखरे. डोंगरात मोहाचे झाड, जंगल, नदी. सातपुड्यात गावे एकसंध नसतात. डोंगरउतारावर पाडे विखुरलेले असतात आणि दोन घरांमध्ये शेत किंवा ओढा असतो. अशा एकांतातल्या घरात गाणे त्या घराचेच वळण घेते. एकाच पाड्यातील दोन घरांत एकाच चालीचे वेगळे शब्द असणे त्यामुळे साहजिक आहे.

पाळण्यातून शिकवण देण्याची कल्पनाही जुनी आहे. मार्कंडेय पुराणातील राणी मदालसा आपल्या तान्ह्या मुलांना वैराग्याचा उपदेश करत वाढवते. मराठी संतपरंपरेत मुक्ताबाईंच्या नावावर पाळणा आहे आणि तो त्यांनी वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या योगी चांगदेवासाठी म्हटला असे मानले जाते. लहान मुलीने वृद्ध शिष्याला पाळण्यात घालावे, ही कल्पना खानदेशाला जवळची आहे : चांगदेव हे गाव जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमावर आहे आणि तीच तापी पुढे नंदुरबार जिल्ह्यातून गुजरातेत जाते.

बाळावर होणारा परिणाम

बाळाला शांत करण्यासाठी म्हटलेल्या शब्दांची लिखित नोंद सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या बाबिलोनी मातीच्या फलकापर्यंत मागे जाते. अंगाईचा परिणाम का होतो, याचा शास्त्रीय शोध मात्र अलीकडचा आहे. १९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी दाखवून दिले की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळे इतर बायकांच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज पसंत करतात. पोटात असतानाच तो आवाज त्यांच्या ओळखीचा झालेला असतो. २०१३ साली अमेरिकेतील ११ रुग्णालयांत २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झालेल्या अभ्यासात, समोर बसून हळुवार गायल्या-वाजवल्या जाणाऱ्या संगीताचा बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांवर, दूध पिण्यावर आणि झोपेवर चांगला परिणाम दिसला. आईवडिलांनी निवडलेले घरचे गाणे अंगाईसारखे म्हटले तर ते अधिक उपयोगी ठरले आणि पालकांचा ताणही कमी झाला.

हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १४४ बाळांना त्यांच्या ओळखीच्या नसलेल्या, दूरदेशीच्या भाषांतील गाणी ऐकवली. त्यांतली जी गाणी मूळ समाजात अंगाई म्हणून गायली जात होती, ती ऐकताना बाळांच्या हृदयाची गती इतर गाण्यांच्या मानाने अधिक मंदावली. अंगाईची घडण, म्हणजे संथ लय, उतरते स्वर आणि पुनरावृत्ती, भाषेच्या पलीकडेही काम करते असा याचा अर्थ आहे. धडगावच्या पाड्यातल्या आईला हे कुणी सांगण्याची गरज नाही. पण बोलीभाषेतले गाणे मागास आणि टीव्हीवरचे गाणे पुढारलेले, असे मानणाऱ्या सुशिक्षित घरांनी ते लक्षात घ्यावे. बाळाच्या कानाला बोलीचा कमीपणा ठाऊक नसतो. त्याला ओळखीचा आवाज हवा असतो.

गाणे पुढच्या पिढीकडे कसे जाते

अंगाई पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, असे सहज म्हटले जाते. ती नेमकी कशी चालते हे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. पाळण्यातले मूल अंगाई शिकत नाही. त्याच्या मनात सूर रुजतो, पण सहा महिन्यांच्या वयात ऐकलेले शब्द कुणाला आठवत नाहीत. अंगाई शिकते ती दोरी धरणारी. आई शेतावर किंवा चुलीपाशी असते, आजी ओसरीवर असते आणि झोळीजवळ सात-आठ वर्षांची मोठी बहीण बसलेली असते. आजी ओळ म्हणते, मुलगी तिच्यामागून म्हणते, बाळ उठले तर पुन्हा सुरुवात होते. एका धाकट्या भावंडाला वर्षभर झुलवले की तिच्या तोंडी घरातली सगळी गाणी बसतात. पुढे ती स्वतः आई होते तेव्हा नवे काही शिकावे लागत नाही.

परंपरेचा दुसरा दुवा माहेर. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीमुळे नव्या आईला बाळाच्या पहिल्या आठवड्यांत आपल्याच आईची गाणी पुन्हा ऐकायला मिळतात. ती गाणी घेऊन ती सासरी जाते आणि तिथे सासूच्या गाण्यांत मिसळते. सासर दुसऱ्या बोलीचे असेल तर दोन्ही बोलींचे शब्द एका चालीत येतात. म्हणून अंगाईची वंशावळ बापाच्या नावाने काढता येत नाही; ती आईच्या आईकडे, तिच्या आईकडे अशी मागे जाते. घराण्याच्या कागदपत्रांत ज्या बायकांची नावेही नोंदलेली नसतात, त्यांचा ठेवा या गाण्यांतून पुढे आलेला असतो.

नोंदी आणि संग्रह

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड १८८० साली निघाला आणि त्यात येथील जमाती व चालीरीतींचे वर्णन आले. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भिल्ल बोली आणि खानदेशी यांचा एकत्र विचार आहे. सर्वेक्षणाची पद्धत अशी होती की प्रत्येक बोलीत बायबलमधील उधळ्या मुलाच्या गोष्टीचे भाषांतर करून घ्यायचे. व्याकरणाची तुलना करायला ती पद्धत उपयोगी पडली, पण घरात प्रत्यक्ष बोलल्या-गायल्या जाणाऱ्या गोष्टी तिच्यात फारशा उतरल्या नाहीत.

मराठीत स्त्रियांच्या ओव्यांना साने गुरुजींनी मानाचे स्थान दिले. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या गुरुजींनी बायकांकडून ओव्या गोळा केल्या आणि ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात नात्यांप्रमाणे लावून विवेचनासह मांडल्या. दुर्गाबाई भागवत यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली आणि सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या संकलनांतून गावोगावची गाणी छापील रूपात आणली. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव प्रत्येक ओवीशी जोडलेले असणे, हे त्या संग्रहाचे मोठे वैशिष्ट्य.

खानदेशातले सर्वांत बोलके उदाहरण बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्यांच्या ओठी येणारी गाणी मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने लिहून ठेवली, आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ साली ती पुस्तकरूपाने निघाली. घरातल्या दोन मुलांनी वही उघडली नसती तर मराठी साहित्य एका थोर कवयित्रीला मुकले असते. आज जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे आणि नंदुरबार जिल्हा त्याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो.

आदिवासी बोलींच्या बाबतीत गणेश देवी यांच्या पुढाकाराने २०१० पासून झालेले भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण महत्त्वाचे ठरले. त्याच्या महाराष्ट्र खंडात, अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली, या भागातील बोलींची माहिती त्या बोली बोलणाऱ्यांच्या नजरेतून आली. २०११च्या जनगणनेनुसार देशात भिली गटातील बोली बोलणारे एक कोटीहून अधिक आणि खानदेशी बोलणारे सुमारे साडेअठरा लाख होते. बोलणारे इतके असताना या बोली मरणपंथाला लागल्या, असे म्हणता येत नाही. प्रश्न त्या बोलीतील विशिष्ट गाण्यांचा, आणि ती शिकण्याच्या प्रसंगांचा आहे.

परंपरेवरचे ताण

जात्यावरच्या ओवीचे काय झाले, हे सर्वांना माहीत आहे. गावात पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि ओवीचा प्रसंगच संपला. अंगाईचे तसे झालेले नाही. तान्ही मुले आहेत, ती रडतात आणि त्यांना झोपवावेच लागते. पाळण्याचा प्रसंग शाबूत असून गाणे विरळ होत असेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवे. ते दोरी धरणाऱ्या मुलीपाशी सापडते.

पहिला बदल शिक्षणाचा. डोंगरी तालुक्यांतील अनेक मुले-मुली निवासी आश्रमशाळांत राहतात. सहाव्या-सातव्या वर्षी मुलगी शाळेत गेली की झोळीजवळची तिची जागा रिकामी होते. ती घरी येते ती दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. मुलीची शाळा सुटावी आणि गाणे टिकावे, असे कुणीही म्हणणार नाही. शिकणे हा तिचा हक्क आहे. पण घर ज्या वयात गाणे देत होते, नेमके तेच वय शाळेने घेतले, हे मान्य करून शाळेला त्याची भरपाई करता येते.

दुसरा बदल स्थलांतराचा. दिवाळीनंतर धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमारास परततात. मुले बरोबर असतात. फडाच्या कडेला झोळी बांधली जाते आणि तिथे मोठी बहीण बाळ सांभाळते. या ठिकाणी गाण्याची साखळी तुटत नाही, पण तिची किंमत त्या मुलीच्या शाळेने मोजली जाते. परंपरा टिकली एवढ्यावर समाधान मानता येत नाही, हे या दृश्यातून उघड होते.

तिसरा बदल विस्थापनाचा. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली आणि ती सर्व याच जिल्ह्यात, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत नर्मदाकाठी आहेत. त्यांतली अनेक कुटुंबे तळोदा-शहाद्याच्या सपाटीवरील वसाहतींत आली. काठावर वाढलेल्या आजीच्या गाण्यातली नदी आणि डोंगर नातवंडांनी पाहिलेले नसतात. नर्मदा खोऱ्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला धरणग्रस्तांच्या आंदोलनाने सुरू केलेल्या जीवनशाळांनी मुलांच्या घरच्या बोलीला आणि परिसराला वर्गात जागा दिली.

चौथा बदल आवाजाचा. १९७७ साली आलेल्या ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ या चित्रपटातील सुमन कल्याणपूर यांच्या आवाजातली अंगाई महाराष्ट्रभर घराघरांत पोचली. ती सुंदर आहे आणि अनेक आयांनी ती आपली मानली, यात काही वावगे नाही. आया ती स्वतः म्हणत होत्या. आता मोबाइलवर गाणे लावून फोन झोळीजवळ ठेवला जातो. यंत्र गाते तेव्हा बाळ कदाचित झोपते, पण दोरीजवळ बसलेल्या मुलीला म्हणायला काही उरत नाही. बाळाच्या डोळ्यांकडे पाहून लय उतरवणे यंत्राला जमत नाही, आणि त्या मुलीच्या शिकण्याची वाटही तिथे बंद होते.

जतनाचे मार्ग

नोंद करणे ही पहिली पायरी. फोनवर ध्वनिमुद्रण आज प्रत्येक गावात शक्य आहे. नोंद नीट व्हायची तर चार गोष्टी बरोबर लिहून ठेवाव्या लागतात : गाणे कोणत्या बोलीतले, म्हणणारीने ते कुणाकडून घेतले, ते कोणत्या प्रसंगी म्हटले जाते आणि त्यातल्या अवघड शब्दांचा अर्थ काय. म्हणणारीची परवानगी घ्यावी आणि मुद्रणाची एक प्रत तिच्याच घरी ठेवावी. मुद्रण शक्यतो बाळ झोपवताना करावे. माइकसमोर बसवले की बायका गाणे लाजून आवरते घेतात किंवा सभेत म्हणावे तसे म्हणतात. लय, विराम, उतरता हुंकार या खऱ्या गोष्टी झोळीजवळच ऐकू येतात. बोलीतले उच्चार प्रमाण मराठीप्रमाणे ‘दुरुस्त’ करू नयेत. ‘पायना’ हा ‘पायना’च लिहावा.

दुसरी पायरी संस्थांची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्राथमिक वर्गांत शक्य तिथे मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवण्याची भूमिका घेतली आहे. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुले येतात आणि गाणी हा तिथला रोजचा कार्यक्रम असतो. गावातल्या एखाद्या आजीला आठवड्यातून एकदा अंगणवाडीत बोलावून घरच्या बोलीतली गाणी म्हणवून घेणे, याला खर्च नाही. आश्रमशाळेतल्या मोठ्या मुलींनी सुट्टीत घरून एकेक गाणे ऐकून यावे आणि बोलीसह वहीत लिहावे, हा उपक्रम भाषेच्या तासात सहज बसतो. अशा वह्यांतून तालुक्याचा संग्रह उभा राहील, आणि तो त्या मुलींचा असेल. १९६२ पासून पुण्यात असलेली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि जळगावचे विद्यापीठ यांच्याकडे ते साहित्य सांभाळण्याची व्यवस्था आहे.

तिसरी पायरी घराची, आणि तिच्यावाचून पहिल्या दोन्ही अपुऱ्या आहेत. संग्रहातले गाणे सुरक्षित राहते, पण त्याने मूल झोपत नाही. अंगाई जिवंत राहण्यासाठी तीन माणसे एका वेळी एका ठिकाणी लागतात : झोपणारे बाळ, गाणे ठाऊक असलेली मोठी बाई आणि दोरी धरणारे लहान मूल. ते मूल मुलगी असलेच पाहिजे असेही नाही. बहिणाबाईंची गाणी लिहिणारी दोन्ही मुले मुलगेच होती. ज्या घरात आज झोळी टांगलेली आहे, त्या घराने सुट्टीला आलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात तिची दोरी द्यावी, फोन बाजूला ठेवावा आणि आजीला शेजारी बसवावे.